दुपारचं बाभूळबन रेंडर करतोय, झाडं जमली पण ऊन चुकतंय

बाभूळबन (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

मी सोलापूरचा. दिवसभर लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करतो, रात्री ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) घेऊन बसतो. नान्नजच्या अलीकडे आमची शेती आहे. शेताच्या कडेनं ओढा जातो आणि ओढ्याकाठी बाभळीचं बन होतं. चाळीसेक बाभळी, तीन कडुनिंब, एक जुना हिवर. ओढ्याचं खोलीकरण झालं तेव्हा ते सगळं गेलं. आता बांधावर एक बाभूळ आणि एक कडुनिंब एवढंच उरलंय. आईचे तीस उन्हाळे त्या बनात गेले. खुरपणीच्या बायका दुपारी तिथंच भाकरी सोडायच्या. बनाचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही, म्हणून मी ते कॉम्प्युटरवर उभं करायला घेतलंय. एका मिनिटाचा शॉट आहे. कॅमेरा ओढ्यातून वर येतो आणि बनात शिरतो.

झाडं बऱ्यापैकी जमली. बांधावरच्या बाभळीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून खोडाची भेगाळ साल केली, चार वेगवेगळी झाडं बनवून जिओमेट्री नोड्सनं (आपोआप प्रती पसरवायची सोय) पसरली. उजेडासाठी नेटवरून एका जंगलाचं एचडीआरआय (चारी बाजूंचा उजेड टिपलेला फोटो) उतरवलं आणि वर एक सन लॅम्प (सूर्याचं काम करणारा दिवा) टाकला, क्षितिजापासून वीस अंशांवर. तिरप्या उन्हात जंगल सुंदर दिसतं असं प्रत्येक ट्यूटोरियल सांगतं.

काल आईला फ्रेम दाखवली. तिनं चष्मा पुसून नीट बघितली आणि म्हणाली, "झाडं आपलीच हायत. पण ही तर दिवेलागण झालीया. आपण तिथं दुपारी बसायचो."

तेव्हापासून मला झोप नाही. सन लॅम्प वर नेला तर चित्र आणखी बिघडतं. झाडाच्या आतला भाग कोळशासारखा काळा पडतो. खालच्या सावल्या एक तर कात्रीनं कापल्यासारख्या येतात, नाही तर सन लॅम्पचा अँगल (त्याच्या थाळीची रुंदी) पाच अंश केला की नुसता चिखल होतो. पानं प्लास्टिकची वाटतात. सायकल्समध्ये (ब्लेंडरचं किरण मोजून चित्र काढणारं इंजिन) दर ठिपक्याला ५१२ सॅम्पल म्हणजे किरण, वर दाणे पुसणारा डीनॉइजर. फ्रेम खाली जोडली आहे. कुठं चुकतंय ते मोकळेपणानं सांगा.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:०५

फ्रेम मोठी करून बघितली. ओढ्याच्या काठावर जो पांढरा दगड आहे त्याला दोन सावल्या आहेत, एक उजवीकडे आणि एक फिकट मागे. तुमच्या एचडीआरआयमध्ये त्याचा स्वतःचा सूर्य आहे आणि वरून तुम्ही दुसरा टाकलाय. दोन सूर्यांखालचं जंगल कुणालाही खोटंच वाटणार. आधी एक सूर्य काढा.

आता काळेपणाबद्दल. तुमची पानं अल्फा कार्डांवर आहेत ना? म्हणजे चौकोनी पत्रा, त्यावर फांदीचा फोटो, उरलेला भाग पारदर्शक. सायकल्समध्ये किरण अशा प्रत्येक पत्र्याच्या रिकाम्या भागातून जातो तेव्हा तो एक ट्रान्सपरंट बाऊन्स मोजला जातो. लाइट पाथ्स या सेटिंगमध्ये ही मर्यादा मुळात ८ असते. दाट फांदीत आठ पत्रे म्हणजे काहीच नाही. नवव्या पत्र्यावर किरण मरतो आणि तिथं काळं दिसतं. प्रकाश कमी पडलाय असं आपल्याला वाटतं, आपण सूर्याची ताकद वाढवत बसतो आणि बाहेरची पानं जळून जातात.

एका झाडावर करून बघा: ट्रान्सपरंट ८ वरून ३२ करा, बाकी कशाला हात लावू नका. डिफ्यूज बाऊन्सही (पृष्ठभागावरून विखुरणाऱ्या उड्या) ४ वरून ६-८ करा, कारण बनाच्या आतला उजेड बहुतेक सगळा पानावरून पानावर उड्या मारतच आत येतो.

वेळ वाढेल, हे आधीच सांगतो. खरा उपाय म्हणजे पत्र्याचा रिकामा भाग कापून टाकणं. पानाच्या कडेकडेनं मेश (थ्रीडी आकार) कापली की किरणाला फुकटचे थांबे राहत नाहीत. जवळच्या झाडांना कापीव मेश द्या, लांबच्यांना पत्रे चालतील.

---

बाभूळबन (धागाकर्ता) | मंगळवार, सकाळी ७:२०

रात्रपाळी दादा, दोन्ही बरोबर निघालं. एचडीआरआय पूर्ण काढून टाकलं. ट्रान्सपरंट ३२ केल्यावर झाडाच्या पोटात फांद्या दिसायला लागल्या. मी आठ दिवस सूर्य वाढवत होतो आणि दोष सूर्याचा नव्हताच.

पण आता काळं गेलं तरी दुपार आलेली नाही. सगळं सारखंच उजळ दिसतंय, ढगाळ दिवसासारखं.

---

भूगोलमास्तर | मंगळवार, सकाळी ९:४८

मी ब्लेंडर वापरत नाही. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि आता सिद्धेश्वर वनविहारात रोज सकाळी फिरायला जातो. तुमच्या आईंचं वाक्य वाचलं म्हणून लिहितोय, कारण त्यांनी जे ओळखलं ते शुद्ध भूगोल आहे.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो, एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. त्या दिवशी मध्यान्हीला उभ्या काठीला सावली नसते. आणि आपली मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आपण ७५.९ अंशांवर. प्रत्येक अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य साधारण बारा पंचविसाच्या आसपास माथ्यावर येतो.

आता डिसेंबर घ्या. २२ डिसेंबरच्या दुपारीसुद्धा आपला सूर्य क्षितिजापासून ४९ अंश वर असतो. लंडनला त्याच दिवशी दुपारी तो १५ अंशांच्या आसपास असतो. मग ज्या देशांत ती ट्यूटोरियल्स बनतात तिथं हिवाळ्यात तिरपं ऊन ही भर दुपारची गोष्ट आहे. आपल्याकडे वीस अंशांवरचा सूर्य म्हणजे गुरं घरी परतायची वेळ. आईंनी सावलीची लांबी बघितली आणि वेळ सांगितली, बाकी काही नाही.

तुमच्या शेतातल्या बायांचं जेवण बारा-साडेबाराचं, महिना वैशाखाचा. तर सूर्य ८५ अंशांच्या वर ठेवा आणि सावल्या झाडांच्या पायाशी गोळा होऊ द्या.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:१५

सर, हे लाख मोलाचं आहे. धागाकर्ते, ब्लेंडरला जोडायचं सन पोझिशन नावाचं एक्स्टेन्शन आहे. त्यात अक्षांश १७.६७, रेखांश ७५.९१, यूटीसी +५:३०, तारीख आणि वेळ भरा. सूर्य आपोआप जागेवर बसतो. सोबत स्काय टेक्स्चर (ब्लेंडरमधलं तयार आकाश) लावा, म्हणजे आकाशही त्याच सूर्याचं होईल.

---

भूगोलमास्तर | मंगळवार, दुपारी ४:३०

सावलीच्या कडांबद्दल राहिलं होतं. तुम्ही लिहिलंय की सावली कात्रीनं कापल्यासारखी येते, नाही तर चिखल होतो. खरी सावली या दोन्हींच्या मध्ये का असते, ते सांगतो.

सूर्य हा बिंदू नाही, थाळी आहे. पृथ्वीवरून ती थाळी जेमतेम अर्ध्या अंशाची दिसते, ०.५३ अंश म्हणा. त्यामुळे पानांमधल्या फटीतून जो कवडसा जमिनीवर पडतो तो फटीच्या आकाराचा नसून सूर्याच्या आकाराचा असतो. फट तिकोनी असो की वाकडी, फट लहान आणि जमीन पुरेशी लांब असेल तर खाली गोलच पडतो. त्या गोलाची रुंदी म्हणजे फटीपासून जमिनीपर्यंतचं अंतर भागिले १०८. सहा मीटरवरून साडेपाच सेंटीमीटर, बारा मीटरवरून अकरा.

हे मी वर्गात फळ्यावर शिकवलं, पण पोरांना पटलं ते २६ डिसेंबर २०१९ ला. सकाळी सूर्यग्रहण होतं. दक्षिणेत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली मी पांढरं धोतर अंथरलं. त्या धोतरावरचा प्रत्येक कवडसा चंद्रकोर झाला होता. शेकडो कोरी, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. एक मुलगी त्यांवर तळहात धरून हातावर कोर झेलत होती. मला अजून तो हात दिसतो.

---

बाभूळबन (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ९:०२

सर, तुमचा प्रतिसाद मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवला.

आणि माझी चूक कळली. आधी सन लॅम्पचा अँगल शून्य होता म्हणून सावली कात्रीची, मग एका व्हिडिओत बघून मी पाच अंश केला. म्हणजे खऱ्या सूर्यापेक्षा नऊ-दहा पट मोठी थाळी! सगळे कवडसे एकमेकांत विरघळून गेले. ब्लेंडरमध्ये नवा सन लॅम्प ०.५२६ अंशांचाच येतो. ते बरोबर होतं, मीच बदललं होतं.

परत ०.५३ केलं. कडुनिंबाखाली खरोखर गोल पडले. मी पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो. पण बाभळीखाली गोल पडत नाहीत, तिथं एक राखाडी जाळी येते. हे चूक आहे का?

---

शेळीवाली | मंगळवार, रात्री १०:४०

चूक नाही भाऊ. बाभळीची सावली तशीच असते. आम्ही तिला विरळ सावली म्हणतो. तिच्याखाली ज्वारीचं रोप तग धरतं, चिंचेखाली धरत नाही. बाभळीचं पान म्हणजे दोन-चार मिलीमीटरच्या बारीक पाकळ्या, तुऱ्यासारख्या. सरांनी सांगितलेला साडेपाच सेंटीमीटरचा गोल घ्या आणि त्याच्यापुढे ही पाकळी ठेवा. पाकळीची सावली जमिनीपर्यंत पोहोचायच्या आधीच विरते. ऊन चाळून येतं, पिठासारखं. खाली कुठं सावली संपते नि कुठं ऊन सुरू होतं ते दाखवता येत नाही.

पण फ्रेममध्ये दुसरी चूक आहे, ती कुणी सांगितली नाही. तुमच्या बाभळींच्या फांद्या पार जमिनीपर्यंत आल्यात. बनात शेळ्या येत नव्हत्या का? शेळी मागच्या पायांवर उभी राहून जिथवर तोंड पोहोचेल तिथवर एक पान ठेवत नाही. माणसाच्या छाती-खांद्याएवढ्या उंचीपर्यंत सगळं साफ असतं, लांबून बघितलं तर दोरी धरून कापल्यासारखी रेघ दिसते. त्यावरच्या फांद्या मेंढपाळ आकडीनं वाकवून तोडतात, त्या जागी गाठी येतात आणि गाठीतून नवे फुटवे झुपक्यानं निघतात. तुमचं झाड कुणी हात न लावलेलं आहे. माणदेशापासून अक्कलकोटपर्यंत असं झाड मला दाखवा.

आणि ती रेघ आली की उजेडही बदलेल. वरून चाळलेलं ऊन, पण बाजूनं, त्या रेघेखालून, बाहेरच्या माळाचा भगभगीत प्रकाश आडवा आत येतो. बसल्या माणसाच्या तोंडावर तोच पडतो. आईंना विचारा.

---

बाभूळबन (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ११:३१

ताई, आईला विचारलं. ती लगेच म्हणाली, "व्हय की, तिथनं रस्ता दिसायचा, कोण येतंय ते बसल्या बसल्या कळायचं." मी बनवलेल्या बनातून रस्ता दिसतच नव्हता. उद्या चारही झाडं खालून साफ करतो.

---

पिक्सेलपाटील | बुधवार, सकाळी ११:१०

सगळं वाचलं. मंडळी, एवढ्या खोलात जायची खरंच गरज आहे का? तयार फोटोस्कॅन मिळतात, झाडं, जमीन, दगड सगळं खऱ्या फोटोंवरून बनवलेलं. रिअलटाइम इंजिनमध्ये टाका, संध्याकाळपर्यंत शॉट तयार. थोडं व्हॉल्यूमेट्रिक धुकं आणि उन्हाच्या तिरिपा टाकल्या की बघणारा गार होतो. मी क्लायंटसाठी असंच करतो आणि कुणी तक्रार केलेली नाही.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २:२५

पाटील, क्लायंटच्या कामाला तुमचा मार्ग योग्यच आहे. पण बहुतेक तयार संच थंड, ओल्या जंगलांचे असतात: शेवाळलेले दगड, नेचे, ओल्या पानांचा थर. सोलापूरच्या बनात शेवाळ कुठून आणणार? इथं भेगाळलेली काळी माती, मुरूम, वाळकं कुसळी गवत, बाभळीचे पांढरे काटे आणि शेंगांचा सडा. हे स्वतःच करावं लागणार.

आणि जमीन ही फक्त सजावट नाही, तो एक दिवा आहे. भर दुपारी सूर्य माथ्यावर असताना पानांच्या खालच्या बाजूवर उजेड येतो कुठून? जमिनीवरून. काळी माती थोडंच ऊन परत फेकते, वाळलेलं गवत त्याच्या दुप्पट-तिप्पट फेकतं, आणि तेही पिवळसर. धागाकर्त्यांच्या फ्रेममध्ये मागचा माळ हिरवागार आहे, म्हणून खालून येणारा उजेडही हिरवा आणि मंद आलाय. मे महिन्याचा माळ करा, गवत वाळवा, मग फांद्यांच्या खालच्या बाजूला तो उबदार पिवळेपणा आपोआप चढेल. वेगळा दिवा लावायला लागणार नाही.

तिरिपांबद्दल: हवेत धूळ, धूर किंवा धुकं असेल तरच किरण दिसतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या सकाळी, चुलीच्या धुरात ते शोभतं. वैशाखाच्या बारा वाजता नाही. दुसरं म्हणजे धूळ प्रकाश पुढच्या दिशेला जास्त पसरवते, म्हणून तिरिपा सूर्याकडे तोंड केलं की ठळक दिसतात, पाठ केली की जवळजवळ नाहीशा होतात. व्हॉल्यूम स्कॅटरमध्ये (धुक्या-धुळीच्या सेटिंगमध्ये) अॅनिसोट्रॉपी, म्हणजे प्रकाश पुढे-मागे किती झुकतो ते, शून्य ठेवली तर त्या चारही बाजूंनी सारख्याच दिसतात आणि डोळ्याला खटकतात. आणि खरे किरण समांतर असतात, पंख्यासारखे पसरलेले दिसतात ते रेल्वेचे रूळ लांबवर मिळाल्यासारखे दिसतात तसे. मागच्या फांदीत स्पॉटलाइट लपवून केलेला पंखा लगेच ओळखू येतो.

---

पिक्सेलपाटील | बुधवार, दुपारी ३:०४

जमिनीचा मुद्दा मान्य. मी आजवर जमीन शेवटी टाकत आलो. उद्यापासून आधी टाकून बघतो.

---

जेकार्ड | बुधवार, रात्री ८:५०

मी चादरींचं जेकार्ड डिझाइन करतो, अक्कलकोट रोडला. पानं प्लास्टिकची का दिसतात यावर बोलतो, कारण रंग हा माझा रोजचा धंदा आहे.

चादरीत हिरवा हवा असला की आम्ही एक हिरवा दोरा घेत नाही. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि डोळ्यात हिरवा तयार होतो. उजेड बदलला की त्यातला एक पुढे येतो, दुसरा मागे जातो. एकच हिरवा दोरा दोन्हीकडे घातला की कापड मेलेलं दिसतं. तुमची पानं तशी दिसतात.

आज दुपारी मी कारखान्यासमोरच्या कडुनिंबाची एक डहाळी तोडून हातात धरली. सूर्य पाठीमागे असताना पान गडद हिरवं, आणि त्यावर एक पांढुरका-निळसर पट्टा, तो आकाशाचा. तीच डहाळी सूर्याच्या आड धरली तर पान पोपटी-पिवळं पेटलं, शिरा बारीक रेघांसारख्या उमटल्या. जिथं दोन पानं एकावर एक आली तिथला हिरवा एकदम दाट, आणि तिसरं आलं की जवळजवळ काळपट. एका पानाचे चार रंग मी एका मिनिटात मोजले, पान न बदलता.

माझा मुलगा बीएस्सी वनस्पतिशास्त्राला आहे. तो म्हणाला, हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश पिऊन टाकतं, हिरवा थोडा सुटतो. त्या हिरव्यातलाही साधारण दहावा हिस्साच पानावरून परततो आणि जवळपास तेवढाच आरपार जातो.

आणखी एक, धूळ. रस्त्याकडेच्या पानावर मे महिन्यात बोट फिरवा, रेघ उमटते. त्या पानाला चकाकी नसते. मृगाचा पहिला पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी तेच झाड तेल लावल्यासारखं चमकतं. तुमचा शॉट वैशाखाचा असेल तर चकाकी मारा.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ९:३५

जेकार्ड काका, तुम्ही जे हातात बघितलं त्याची सेटिंग लिहितो.

पानाला काचेचं ट्रान्समिशन लावू नका, ते प्रकाश वाकवतं. डिफ्यूज (पानावरून परतणारा उजेड) आणि ट्रान्सलुसंट (आरपार येणारा) मिक्स करा, आधी निम्मं-निम्मं. ट्रान्सलुसंटचा रंग डिफ्यूजपेक्षा पिवळा. दोन्ही रंग आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच गडद ठेवा. पान मुळात थोडाच उजेड सोडतं, फिकट हिरवा भरला की तेच प्लास्टिक होतं. वर चकाकीचा पातळ थर, आयओआर (वक्रीभवनांक) १.४५, रफनेस (खरखरीतपणा) धुळीसाठी ०.६ च्या पुढे. प्रत्येक झाडाला ऑब्जेक्ट इन्फोच्या रँडममधून रंगाचा किंचित फरक द्या. दोन पानं एकावर आली की दाट होणं हे वेगळं करावं लागत नाही, किरण दोनदा गाळला गेला की होतंच.

पाथ ट्रेसिंगचं, म्हणजे किरणाचा माग काढत चित्र बनवण्याचं, हे सौंदर्य मला दरवेळी नव्यानं भावतं. जेम्स काजियानं १९८६ मध्ये रेंडरिंगचं समीकरण मांडलं. एका बिंदूवरून निघणारा उजेड म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड अधिक त्याच्यावर सगळ्या दिशांनी येऊन परतलेला उजेड. आणि येणारा उजेड पुन्हा दुसऱ्या कुठल्या तरी बिंदूवरून निघालेला. पान, पानावरून पान, माती, परत पान. त्या एका ओळीत अख्खं बन मावतं.

फक्त ते सोडवायला किरण नशिबावर सोडावे लागतात, म्हणून दाणे येतात. दाणे निम्मे करायचे तर सॅम्पल चौपट लागतात, म्हणजे ५१२ चे २०४८. डीनॉइजरला अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) पास द्या, नाही तर तो बाभळीच्या पाकळ्या आणि दाणे यांत फरक न करता दोन्ही पुसून टाकतो. धागाकर्ते, तुमच्या फ्रेममध्ये उजवीकडची फांदी लोणी फासल्यासारखी दिसते ती त्यामुळेच.

---

नवखी | गुरुवार, सकाळी ८:१५

वाचनखूण साठवली. मी वालचंद कॉलेजमध्ये शिकतेय, माझ्या प्रोजेक्टमध्ये जंगल आहे. एक प्रश्न: मी सूर्य खरा ठेवला की सावलीतलं काहीच दिसत नाही, आणि सावली दिसेल असं केलं की बाहेर सगळं पांढरं होतं. दोन्ही एकदम कसं दाखवायचं?

---

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी १०:४०

नवखी, खऱ्या कॅमेऱ्यातही हेच होतं. भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, दाट सावलीत त्याचा लहानसा अंश. डोळा सावकाश जुळवून घेतो, फोटोला ते जमत नाही. कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (उजेडाचे पडद्यावरचे रंग ठरवणारी सेटिंग) स्टँडर्ड असेल तर तो काढा. ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स आहे, त्याआधी २.७९ पासून फिल्मिक. ते उजळ भाग हळूहळू पांढऱ्याकडे नेतात, स्टँडर्ड एकदम तोडतं आणि पोपटी पानं भडक पिवळी करतं.

मग ठरवा की बघणारा कुठं आहे. तो बनात बसलेला असेल तर एक्स्पोजर सावलीचं ठेवा आणि बाहेरचा माळ खुशाल पांढरा होऊ द्या. दुपारी झाडाखालून बाहेर बघताना डोळे दिपतात ते हेच. कॅमेरा बाहेरून आत शिरत असेल, जसा या धाग्यातल्या शॉटमध्ये, तर एक्स्पोजरला दोन-तीन सेकंदांची कीफ्रेम (हळूहळू बदलायची खूण) द्या. आत शिरताना आधी अंधार वाटतो, मग फांद्या उमटायला लागतात.

---

बाभूळबन (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:५०

दोन दिवस गप्प होतो, कारण शेतात होतो.

मास्तरांच्या धोतराची गोष्ट डोक्यातून जाईना. शुक्रवारी आईला घेऊन बांधावर गेलो. घरातली जुनी पांढरी चादर आणि शिंप्याची टेप घेतली. ऊन असं की गाडीच्या सीटवर हात ठेववत नव्हता. बारा वीसला बाभळीखाली चादर अंथरली. खोडाची सावली खोडाच्या पायातच होती, हातभरही बाहेर नाही. शेळीवाली ताईंनी सांगितलेली पिठाची सावली मी त्या चादरीवर आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितली. सगळी राखाडी नव्हती. जिथं फांदी तुटून मोठी फट पडलीय तिथं गोल पडले होते, मोजले तर पाच ते सहा सेंटीमीटर. वारा आला की गोल सरकत नाहीत, विझतात आणि शेजारी दुसरे पेटतात. मी तोवर सगळं झाडच हलवत होतो, पण खोड स्थिर असतं आणि फक्त टोकं थरथरतात.

मग चादर कडुनिंबाखाली नेली. तिथं गोल मोठे, नऊ-दहा सेंटीमीटर, आणि कडांना हलका पोपटी रंग. आई चादरीवर बसली. तिच्या पांढऱ्या केसांवर तोच पोपटी आला, आणि हनुवटीखाली, जिथं सावली असायला हवी, तिथं वाळक्या गवताचा पिवळा उजेड. रात्रपाळी दादांनी लिहिलेला जमिनीचा दिवा. मी फोटो काढायचा विसरलो, बघतच राहिलो.

घरी येऊन सगळं नव्यानं लावलं. सूर्य सोलापूरचा, १२:२५ चा, ०.५३ अंशांचा. शेळीच्या उंचीची रेघ. माळ वाळवला, मुरूम टाकला. पान दोन बाजूंचं, धुळीनं भरलेलं. एक्स्पोजरची कीफ्रेम. जवळच्या सहा झाडांची पानं कापीव मेशची, ट्रान्सपरंट २४ वर निभावलं. २०४८ सॅम्पलची एक फ्रेम माझ्या मशीनवर ४७ मिनिटं घेते. सगळा शॉट होईपर्यंत मृग लागेल, लागू दे.

आज संध्याकाळी आईला दाखवली. बराच वेळ काही बोलली नाही. मग पडद्यावर बोट ठेवलं, मधल्या कडुनिंबाच्या उजव्या बाजूला, आणि म्हणाली, "हितं माठ असायचा. ह्या मुळीवर. तू मुळी केलीच न्हाईस."

नवी फ्रेम जोडली आहे. मुळीचं मॉडेल उद्या घेतो. माठाच्या बाहेरची ओल कशी दाखवायची ते कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

शेळीवाली | रविवार, सकाळी ६:३०

रेघ बरोबर आलीय. रस्ता दिसतोय.

माठ नवा नको, दोन उन्हाळे वापरलेला करा. वापरलेल्या माठाला खाली पांढरट क्षारांचे पट्टे येतात आणि ओल तळापासून अर्ध्यापर्यंत गडद दिसते, वर नाही. मुळीजवळची माती कायम ओली, तिथं मुंग्या आणि दोन-चार हिरव्या काड्या, मेमध्येसुद्धा.

---

जेकार्ड | रविवार, सकाळी ७:४५

फ्रेम दुकानातल्या मोठ्या पडद्यावर बघितली. मधल्या बाभळीच्या डाव्या फांदीवर दोन पानं एकावर एक आलीत, तिथला हिरवा बघा. माझ्या डहाळीवर होता तोच.

ओल्या मातीच्या भांड्याचा रंग कोरड्यापेक्षा गडद घ्या आणि चकाकी फक्त ओल्या भागाला द्या. आमच्या घरी माठ आहे. दुपारी साडेबाराला त्याचे फोटो काढून टाकतो.